पृथ्वीवर जमीन किती, पाणी किती: नाशिकमध्ये बसून मोजण्याची कृती

७१ टक्के पाणी, २९ टक्के जमीन. शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, झोपेतून उठून सांगेल. त्याच मुलाला पुढचे विचारा: हे पाणी सगळीकडे सारखे पसरले आहे का? उत्तरेला जास्त की दक्षिणेला? नाशिकच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला काय असेल? इथे बहुतेक मुले गप्प होतात आणि मोठी माणसेही. आकडा पाठ असतो, तो येतो कुठून हे कोणी दाखवलेले नसते.

हा आकडा आपल्या हाताने काढता येतो. पुढची जवळजवळ सगळी कृती घरातल्या किंवा वर्गातल्या सामानाने होते, एक भाग मात्र त्र्यंबकला जाऊन करायचा आहे. शिक्षक, पालक, आठवी-नववीची मुले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, कोणालाही हे जमेल. सरासरी आकड्यापेक्षा त्यामागची असमान वाटणी फार महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. आपला पाऊस, आपला उन्हाळा, आपल्या नद्यांच्या दिशा, सगळे त्या असमान वाटणीतून आले आहे.

सामान

३० सेंमी व्यासाचा एक पृथ्वीगोल घ्या. शालिमार-मेन रोड भागातल्या शालेय साहित्याच्या दुकानांत चौकशी करा, आणि घेताना अक्षवृत्ते व रेखावृत्ते स्पष्ट छापली आहेत ना, हे पाहूनच घ्या. त्याच्या जोडीला हवा भरायचा प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल मिळाला तर उत्तम. बाकी जाड दोरा, मोजपट्टी, दोन मीटर लांबीची कागदाची पट्टी (जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून होते), २० लिटरचा पाण्याचा जार, सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज, औषधाचा ड्रॉपर, दोन सारखे थर्मामीटर आणि दोन सारख्या पराती.

मोजायला बसण्याआधी एक नियम ठरवून टाका, नाहीतर मधेच वाद सुरू होतात. महासागर आणि त्यांना जोडलेले समुद्र म्हणजे पाणी. नद्या, गोड्या पाण्याची सरोवरे आणि कॅस्पियनसारखी चहूबाजूंनी जमिनीने वेढलेली जलाशये जमिनीत धरायची. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका बर्फाने झाकलेले असले तरी बर्फाखाली खडक आहे, म्हणून ती जमीन. उत्तर ध्रुवावरचे बर्फ समुद्रावर तरंगते आहे, म्हणून ते पाणी. ७१-२९ हा आकडा याच नियमाने येतो.

पायरी १: गोल फेका, झेला, लिहा

हवेचा पृथ्वीगोल एकमेकांकडे फिरवत फेका. झेलणाऱ्याच्या उजव्या हाताची तर्जनी कुठे टेकली, ते पाहून ‘ज’ किंवा ‘पा’ लिहा. फेकताना गोल गरगरला पाहिजे, नाहीतर बोट सारखे एकाच भागावर पडते. हवेचा गोल नसेल तर टेबलावरचा गोल डोळे मिटून फिरवा आणि बोट टेकवा. पण मग बोट दर वेळी वेगळ्या उंचीवर टेकवायला हवे, कारण बहुतेकांचे बोट नकळत विषुववृत्ताच्या आसपासच जाते.

शंभर झेलांत बरोबर ७१ वेळा पाणी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ६२ ते ८० यांच्या मधला आकडा आला तर कृती नीट झाली. २५ झेलांवरच थांबलात तर ५३ टक्क्यांपासून ८९ टक्क्यांपर्यंत काहीही येऊ शकते. ४०० झेल केले तर उत्तर बहुतेक वेळा ६६ ते ७६ टक्क्यांच्या आत राहते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहा झेल घेतले की ४०० होतातच. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा आणि मग बेरीज करा. एकेकट्याचे उत्तर किती भरकटते आणि सगळ्यांचे मिळून कसे जागेवर येते, हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. नमुना घेऊन मोजणी करण्याची ही पद्धत पुढे त्यांना प्रत्येक विषयात भेटणार आहे.

खरे आकडे असे. पृथ्वीचा पृष्ठभाग साधारण ५१ कोटी चौरस किमी. त्यात पाणी ३६.१ कोटी आणि जमीन १४.९ कोटी. एकटा पॅसिफिक महासागर सोळा कोटींच्या घरात जातो, म्हणजे जगातली सगळी खंडे उचलून त्यात ठेवली तरी थोडे पाणी मोकळे राहील. आपल्या देशाचे क्षेत्रफळ ३२.८७ लाख चौरस किमी आहे, ते या तुलनेत ठेवून पाहा.

पायरी २: नाशिकच्या अक्षवृत्तावर दोरा

आता ‘किती’ सोडून ‘कुठे’ या प्रश्नाकडे वळू. नाशिक साधारण २०° उत्तर अक्षवृत्तावर आणि ७३.८° पूर्व रेखावृत्तावर आहे. गोलावर २०° उत्तरेवरून दोरा फिरवा, एक पूर्ण फेरी मारून कापा. मग पुन्हा तोच दोरा लावून जिथे जिथे जमीन आहे तिथे पेनाने रंगवा.

नाशिकहून पश्चिमेला निघालात की डहाणूजवळ किनारा लागतो, मग अरबी समुद्र. पुढे ओमान, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, आणि त्यानंतर सहाराची लांबच लांब वाळू: सुदान, चाड, नायजर, अल्जेरियाचे दक्षिण टोक, माली, मॉरिटानिया. मग सगळा अटलांटिक. क्यूबाचा दक्षिण किनारा, युकातानचे द्वीपकल्प, मेक्सिको. त्यापुढे पॅसिफिक सुरू होतो तो संपता संपत नाही; मधे एकट्या हवाईच्या मोठ्या बेटाचा ठिपका लागतो. शेवटी चीनचे हैनान बेट, व्हिएतनाम, लाओस, थायलंडचा उत्तर भाग, म्यानमार, बंगालचा उपसागर, ओडिशाचा किनारा, छत्तीसगड, चंद्रपूर आणि परत नाशिक. दोऱ्याचा रंगवलेला भाग मोजा. साधारण एक तृतीयांश जमीन निघेल.

हेच २०° दक्षिणेवर करा. चिली, बोलिव्हिया, ब्राझील, मग नामिबिया ते मोझांबिक, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया. इथे जमीन चौथ्या हिश्श्याला थोडी कमीच पडते. फरक आहे, पण फार मोठा नाही.

आता ६०° वर जा. या कृतीतला सर्वांत बोलका भाग हाच, म्हणून तो घाईत उरकू नका. ६०° उत्तरेवर नॉर्वे, स्वीडन, सेंट पीटर्सबर्गपासून रशियाचा अवाढव्य पट्टा, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंडचे दक्षिण टोक येते. दोरा ६० टक्क्यांच्या आसपास रंगतो. मग ६०° दक्षिणेवर दोरा लावा. पेन हातात तसेच राहते. संपूर्ण फेरीत जमिनीचा एक तुकडा लागत नाही. त्या अक्षांशावर वारा आणि लाटा पृथ्वीभोवती न अडखळता फिरू शकतात, आणि तिथल्या वादळी समुद्राची कीर्ती खलाशांना शतकानुशतके ठाऊक आहे.

ध्रुवांवर तर सगळे उलटते. उत्तर ध्रुव समुद्रात आहे, भोवती जमीन. दक्षिण ध्रुव जमिनीवर आहे, भोवती समुद्र. मुलांना गोल उचलून दोन्ही टोके पाठोपाठ बघू द्या; शब्दांपेक्षा ते लवकर कळते.

पायरी ३: चौकोन मोजणे, आणि सपाट नकाशाचा धोका

दोऱ्याने एकेका रेषेचे प्रमाण कळले. संपूर्ण गोलार्धाचे काढायचे तर चौकोन मोजावे लागतात. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते सारख्या अंतरावर आखलेला जगाचा नकाशा घ्या. १०° × १०° चे चौकोन पाडले की एकूण ६४८ होतात, प्रत्येक आडव्या पट्ट्यात ३६. प्रत्येक चौकोनात जमीन किती, ते अंदाजाने ०, पाव, अर्धा, पाऊण किंवा १ असे लिहा आणि पट्ट्यानुसार बेरीज करा.

इथे बहुतेक जण ही बेरीज सरळ ६४८ ने भागतात आणि उत्तर चुकते. विषुववृत्ताजवळचा १०° चा चौकोन प्रत्यक्षात साधारण १२ लाख चौरस किमीचा असतो. ६०° ते ७०° मधला, नकाशावर तेवढाच दिसणारा चौकोन जेमतेम सव्वापाच लाखांचा. ध्रुवाजवळ रेखावृत्ते एकत्र येतात, म्हणून जागा आक्रसते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पट्ट्याच्या बेरजेला खालच्या आकड्याने गुणा:

०–१०° : ०.९९६
१०–२०° : ०.९६६
२०–३०° : ०.९०६
३०–४०° : ०.८१९
४०–५०° : ०.७०७
५०–६०° : ०.५७४
६०–७०° : ०.४२३
७०–८०° : ०.२५९
८०–९०° : ०.०८७

(पट्ट्याच्या मधल्या अक्षांशाची कोसाइन किंमत आहे ही, दहावीच्या मुलांना स्वतः काढायला सांगा.) गुणाकारांची बेरीज करा आणि एका गोलार्धासाठी २०६.५ ने भागा. उत्तर गोलार्धात जमीन ३९ टक्क्यांच्या आसपास यायला हवी, दक्षिण गोलार्धात १९. दोन-तीन टक्के इकडे-तिकडे झाले तर हरकत नाही. दक्षिणेचा आकडा फारच मोठा आला तर अंटार्क्टिकाच्या पट्ट्यांना गुणायचे राहिले आहे, असे समजा.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बोट ठेवून क्षेत्रफळांची तुलना शिकवू नये. अनेक नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. खरे तर ग्रीनलंड साधारण २१.७ लाख चौरस किमी आणि आफ्रिका ३ कोटींच्या वर, म्हणजे चौदा पट. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडहून मोठा आहे, हे सांगितले तर मुले विश्वास ठेवत नाहीत, इतका तो नकाशा डोक्यात बसलेला असतो. आणखी एक आकडा याच हिशेबातून निघतो: ३०° उत्तर ते ३०° दक्षिण या पट्ट्यात पृथ्वीचा बरोबर निम्मा पृष्ठभाग येतो. नाशिक त्या निम्म्यात आहे.

पायरी ४: नाशिकमधून आरपार

एखाद्या जागेच्या बरोबर पालथा बिंदू काढायला दोनच गोष्टी करायच्या. अक्षांश तोच ठेवून उत्तरेचा दक्षिण करा. रेखांश १८० मधून वजा करून पूर्वेचा पश्चिम करा. नाशिकसाठी २०° दक्षिण आणि १०६.२° पश्चिम. गोलावर शोधा. तिथे पॅसिफिकचे उघडे पाणी आहे. सर्वांत जवळची ओळखीची जमीन म्हणजे ईस्टर बेट, तेही तिथून साधारण साडेआठशे किमी दूर.

आता पुणे, नागपूर, कोल्हापूर, दिल्ली, चेन्नई करून पाहा. सगळी पाण्यात जातात. भारतातून आरपार सुई घातली तर ती जवळपास कुठूनही पाण्यातच निघते. अपवाद राजस्थानात आहे: जैसलमेरच्या भागातून घातलेली सुई ईस्टर बेटावर येते. गुगल अर्थवर हे दोन्ही बिंदू टाकून मुलांना पडताळू द्या.

जगभर हेच चित्र आहे. जमिनीवर उभे असाल तर तुमच्या पायाखाली पलीकडे पाणी असण्याची शक्यता फार मोठी. जगातल्या एकूण जमिनीपैकी साधारण १५ टक्के भागालाच पलीकडे जमीन मिळते. खंडे एका बाजूला गोळा झाली आहेत, म्हणून असे होते. ही गर्दी डोळ्यांनी पाहायची असेल तर गोल हातात घ्या आणि फ्रान्सचा पश्चिम भाग बरोबर समोर येईल असा धरा. समोर दिसतो तो भूगोलार्ध: युरोप, आफ्रिका, उत्तर अमेरिका, आशियाचा बहुतेक भाग. गोल उलटा करा, न्यूझीलंडच्या आग्नेयेचा समुद्र समोर घ्या. हा जलगोलार्ध, यात साधारण ८९ टक्के पाणी. आणि त्या भूगोलार्धातसुद्धा जमीन ४७ टक्क्यांच्या वर जात नाही. गोल कसाही धरा, जमिनीला बहुमत मिळेल अशी बाजू पृथ्वीला नाही.

पायरी ५: उंची-खोलीची पट्टी

आतापर्यंत आडवी वाटणी पाहिली. उभी वाटणी समजल्याशिवाय ‘पाणी तिथेच का साठले’ याचे उत्तर मिळत नाही.

दोन मीटरची कागदी पट्टी भिंतीवर उभी चिकटवा. वरून ९० सेंमीवर आडवी निळी रेघ मारा, ही समुद्रसपाटी. प्रमाण १० सेंमीला १ किमी. एव्हरेस्ट (८,८४८ मीटर) रेघेच्या वर साडेअठ्ठ्याऐंशी सेंमी. कळसूबाई (१,६४६ मीटर) साडेसोळा सेंमी. बागलाणचा साल्हेर (१,५६७ मीटर) त्याच्या किंचित खाली. नाशिक शहर सुमारे सहा सेंमीवर. खाली मारियाना गर्तेचे तळ साधारण १०९ सेंमीवर. आता दोन लाल खुणा करा: जगातल्या जमिनीची सरासरी उंची, सव्वाआठ-साडेआठ सेंमी वर, महासागरांची सरासरी खोली, ३७ सेंमी खाली.

पट्टीपासून दोन पावले मागे सरका. एव्हरेस्टकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण त्या उंचीवर जमीन नावालाच आहे. जगातली बहुतांश जमीन निळ्या रेघेच्या वर पहिल्या दहा सेंमीत आहे. समुद्राचा बहुतांश तळ तीस ते साठ सेंमी खाली आहे. या दोन पातळ्यांच्या मधे फारच थोडा पृष्ठभाग येतो. पृथ्वीला दोन मजले आहेत, एक वरचा आणि एक खालचा, आणि पाणी खालच्या मजल्यात भरले आहे.

दोन मजले का? पृथ्वीचे कवच, म्हणजे वरचा खडकाळ थर, दोन प्रकारचे आहे. खंडांखालचे कवच साधारण ३५-४० किमी जाड आणि वजनाला हलके, ग्रॅनाइटसारख्या खडकांचे. महासागरांखालचे कवच सरासरी ७ किमी, पण घनतेने जास्त, बेसॉल्टचे. दोन्ही प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या थरावर, तोललेली आहेत. हलके आणि जाड कवच उंच राहते, जड आणि पातळ कवच खोल बसते.

नाशिकच्या हुशार मुलाला इथे एक शंका यायलाच हवी, आणि आली नाही तर तुम्ही काढा. आपल्या पायाखालीसुद्धा बेसॉल्टच आहे. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली तो बेसॉल्ट, ब्रह्मगिरीचे कडे बेसॉल्टचे, विहीर खणताना लागतो तो पाषाणही तोच. मग नाशिक समुद्राच्या तळाशी का नाही? कारण आपला बेसॉल्ट हा वरून ओतलेला थर आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर त्या थरांच्या पायऱ्या अजून मोजता येतात. त्या थरांखाली मात्र जुने, जाड, हलके खंडीय कवच आहे, आणि तेच आपल्याला वर धरून आहे. समुद्रतळाच्या बेसॉल्टखाली असा आधार नाही.

आणखी पुढचे सांगतो. तो लाव्हा वाहत होता तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. त्या काळी कोणी पायरी ३ केली असती तर नाशिकचा चौकोन दक्षिण गोलार्धात मोजला गेला असता. भारत उत्तरेला सरकत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. आजही आपण वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आहोत. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे मांडले, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानले नव्हते. ३९ आणि १९ हे आकडे आजच्या क्षणाचे आहेत, कायमचे नाहीत.

त्याच पट्टीवर निळ्या रेघेखाली १.२ सेंमीवर एक पेन्सिलची रेघ मारा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, कारण पाणी बर्फात अडकले होते. पट्टीवर ही तफावत बोटभर रुंदीचीही नाही. पण किनाऱ्यालगतचा भूखंडमंच, म्हणजे पाण्याखाली गेलेली खंडाची कड, इतका उथळ असतो की तेवढ्या फरकाने प्रचंड प्रदेश उघडा पडतो. मुंबईपासून सुमारे १६० किमी आत समुद्रात बॉम्बे हायचे तेलक्षेत्र आहे, तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. हिमयुगात तो भाग कोरडा होता.

आता समोरच्या ३० सेंमीच्या गोलाकडे पाहा. त्या मापात महासागराची सरासरी खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते, लासलगावच्या कांद्याच्या वरच्या सालीइतकी पातळ. तरीही सगळी पृथ्वी सपाट केली तर हे पाणी तिच्यावर २.६ किमी जाडीचा थर देईल. हिशेब स्वतः करा: महासागरांतले पाणी १३३.८ कोटी घन किमी, भागिले ५१ कोटी चौरस किमी.

पायरी ६: २० लिटरचा जार

जगातले सगळे पाणी, साधारण १३८.६ कोटी घन किमी, म्हणजे हा भरलेला जार. त्यातून ५०० मिलि पाणी मोजून बाजूला काढा. जारमधले उरलेले सगळे खारे. बाजूच्या ५०० पैकी ३४४ मिलि वेगळ्या भांड्यात ओता आणि झाकून ठेवा: हे हिमनद्या आणि ध्रुवीय बर्फ. १५० मिलि तिसऱ्या भांड्यात: गोडे भूजल. उरले ६ मिलि, ते सिरिंजमध्ये घ्या. यातलेही चार मिलिहून जास्त ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीतल्या बर्फात अडकलेले. जगातल्या सगळ्या गोड्या सरोवरांच्या वाट्याला साधारण १.३ मिलि येते. आणि सगळ्या नद्या मिळून, गंगा, ॲमेझॉन, नाईल, आपली गोदावरी धरून, ड्रॉपरचा अर्धा थेंब.

भूजलाचे भांडे मोठे दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका. ते जगाचे भूजल आहे. बेसॉल्ट हा स्पंजासारखा खडक नाही. आपल्याकडे पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून शेजारच्या शेतात बोअरला पाणी लागते आणि आपल्या शेतात कोरडी जाते. द्राक्षबागायतदारांना हे सांगायला नको. शहरात वाढलेल्या मुलांना मात्र जरूर सांगा.

पायरी ७: ब्रह्मगिरीवर

जागतिक वाटणी आपल्या जिल्ह्यात कशी उतरते, हे पाहायला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्र्यंबकेश्वरला जा. भर पावसात ब्रह्मगिरी चढू नका, पायऱ्या निसरड्या असतात. सोबत मोबाइलवर उठावाचा नकाशा ठेवा.

वर उभे राहिल्यावर दिशा लावून घ्या. पश्चिमेला अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८०-८५ किमी. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगराळ मुलखात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरते. म्हणजे इथे पडलेल्या दोन थेंबांत हाताभराचे अंतर असले तरी एक अरबी समुद्रात आणि दुसरा बंगालच्या उपसागरात जाऊ शकतो. नकाशावर ही जलविभाजकाची रेघ शोधा आणि सह्याद्रीच्या माथ्याने उत्तर-दक्षिण काढत न्या. दिंडोरीकडची दमणगंगा, सुरगाण्याकडच्या नार-पार पश्चिमेला. दारणा, कादवा गोदावरीकडे. कळवणची गिरणा मात्र आधी पूर्वेला जाते, मग उत्तरेला वळून तापीला मिळते, आणि तापी तिला शेवटी अरबी समुद्रातच नेते. जिल्ह्याच्या नकाशावर या दोन समुद्रांचे प्रदेश दोन रंगांनी रंगवा. एक नकाशा भरला की धडा वेगळा समजवावा लागत नाही.

जमले तर परतीला निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरलाही जा. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचे हे पाणथळ जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, महाराष्ट्रातले पहिलेच.

पायरी ८: दोन पराती, दोन थर्मामीटर

शेवटची कृती एप्रिल-मे महिन्यातच करा, ऊन कडक हवे. एका परातीत कोरडी काळी माती, दुसरीत तेवढ्याच जाडीचे पाणी. दोन्ही रात्रभर सावलीत ठेवून सारख्या तापमानाला आणा. सकाळी ९ वाजता शेजारी शेजारी उन्हात मांडा. थर्मामीटरचा फुगा मातीत आणि पाण्यात सारखाच, सेंटिमीटरभर बुडवा. नुसता वर ठेवला तर थेट ऊन लागून आकडा फसवतो. दर तासाला नोंद, दुपारी ३ पर्यंत. मग सूर्यास्तानंतर दोन तास पुन्हा.

माती भराभर तापते आणि भराभर निवते. पाणी दोन्ही बाबतींत मागे राहते. खऱ्या समुद्रात हा फरक आणखी वाढतो, कारण लाटांनी पाणी ढवळले जाते आणि उष्णता खोलवर वाटली जाते.

आता नोंदींचा तक्ता पायरी ३ च्या आकड्यांशेजारी ठेवा. दक्षिण गोलार्ध ८१ टक्के पाण्याचा, म्हणून तिथे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक सरासरीने कमी. उत्तरेत जमीन दुप्पट, म्हणून फरक जास्त. आणि हिंदी महासागराची गोष्ट तर वेगळीच: त्याच्या उत्तरेला आशियाचे अजस्र भूखंड आडवे आहे. उन्हाळ्यात ते तापते, हवेचा दाब उतरतो, आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे आत ओढले जातात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मुळाशी जमीन-पाण्याची हीच असमान वाटणी आहे.

ते वारे सह्याद्रीला थडकले की बहुतेक पाणी तिथेच सांडते. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, येवल्याकडे त्याहूनही कमी. वर्गात मुले वेगवेगळ्या तालुक्यांतली असतील तर जून ते सप्टेंबर प्रत्येकाने आपल्या गावचा पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजून एकाच वहीत लिहावा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतींचा डबा उघड्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर ठेवा आणि साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा.